आयर्लंडचे मधुगुरू : रेव्हरंड डिग्ज

आमच्या ओळखीच्या एका मधपाळाने गेल्या हंगामात आपल्या पेट्यांत प्लॅस्टिकचे पत्रे घातले. मेणाचे पत्रे उन्हाने वाकतात, हे टिकाऊ, असे त्याला वाटले. पण माश्यांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. चौकटीच्या कडेला आडवेतिडवे पोळे बांधून त्या मोकळ्या झाल्या. मास्तर म्हणून कोडे आमच्यापर्यंत आले. पुस्तके चाळता चाळता आम्ही एका आयरिश धर्मगुरूपाशी येऊन थांबलो. वाचकहो, आज त्यांचीच ओळख करून घेऊ.

आयर्लंड हे आपल्यासारखेच एक बेट, आणि आपल्यासारखेच एके काळी इंग्रजांच्या ताब्यात असलेले. त्याच्या वायव्येकडे लीट्रिम नावाचा परगणा आहे. जमीन ओलसर, शेते लहान, माणसे कष्टाळू पण गरीब. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळाने या भागाचे कंबरडे मोडले होते आणि पुष्कळ कुटुंबे बोटीने परदेशी निघून गेली होती. त्याच लीट्रिममध्ये, मोहिल गावाच्या परिसरात, रेव्हरंड जे. जी. डिग्ज राहत होते. ते चर्च ऑफ आयर्लंडचे पाद्री. धर्मकार्याबरोबर त्यांनी मधमाश्यांची विद्या लोकांपर्यंत नेण्याचे व्रत घेतले.

त्या काळी खेड्यात माश्या पेंढ्याच्या टोपलीत पाळीत. टोपलीत पोळे आतून चिकटलेले, ते बाहेर काढता येत नसे. मग मध हवा असेल तर टोपली पेटत्या गंधकावर धरायची, माश्या गुदमरून मरायच्या आणि पोळे कापून घ्यायचे. भरलेल्या टोपलीचे, म्हणजे सर्वांत कष्टाळू वसाहतीचे, नशीब असे फुटके! हातात मध यायचा, पण माश्या जायच्या.

यावर उपाय निघाले होते. १८५१ साली अमेरिकेत लँगस्ट्रॉथ या पाद्र्यानेच हे हेरले, की सुमारे एक सेंटिमीटर फट ठेवली तर माश्या ती बुजवीत नाहीत. त्यामुळे चौकटी सहज उचलता येतात. १८५७ साली जर्मनीत मेरिंगने मेणपत्रा काढला. मेणाच्या पातळ पत्र्यावर षट्कोनी घरांचे ठसे उठवलेले असतात. माश्या त्यावर भिंती उभारतात. मेण तयार करायला माश्यांना त्याच्या कित्येक पट मध खावा लागतो. पाया आयता मिळाला की तेवढा मध वाचतो, आणि पोळे चौकटीत सरळ उभे राहते.

विद्या होती, पण ती लीट्रिमच्या झोपडीपर्यंत पोचणार कशी? १८९१ साली स्थापन झालेल्या सरकारी मंडळाने, म्हणजे कंजेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्डाने, पश्चिमेच्या गरीब भागांसाठी पेट्यांचा प्रसार केला. त्या मंडळाच्या नावाची सी. डी. बी. पेटी आजही तिथल्या मधपाळांना ठाऊक आहे. परंतु पेटी देणे सोपे, ती वापरायला शिकवणे अवघड. हे दुसरे काम डिग्ज यांनी पत्करले. १९०१ पासून त्यांनी 'आयरिश बी जर्नल' हे मासिक चालवले. १९०४ साली 'आयरिश बी गाइड' हे त्यांचे चित्रांसहित पुस्तक लीट्रिममधूनच निघाले. चौकट कशी बसवावी, मेणपत्रा कसा लावावा, थवा कसा धरावा, सारे पायरीपायरीने सांगितलेले.

पुढचे दिवस कठीण होते. पिलांच्या सडक्या रोगासाठी १९०८ साली आयर्लंडला कायदा करावा लागला. आइल ऑफ वाइट बेटावरून निघालेल्या साथीने इंग्लंडप्रमाणे आयर्लंडातीलही वसाहती उजाड केल्या. पण डिग्ज यांचे पुस्तक 'प्रॅक्टिकल बी गाइड' या नावाने आवृत्तीमागून आवृत्ती निघत राहिले. त्यांच्या पश्चात इंग्लंडच्या मॅनली यांनी ते सुधारून पुन्हा काढले. जुने मधपाळ अजूनही ते जपून ठेवतात.

आता आमच्या मित्राचे कोडे. कोऱ्या प्लॅस्टिकला माश्यांच्या ओळखीचा वास नसतो. म्हणून त्यावर शुद्ध मेणाचा जाड हात फिरवावा. फुलोरा भरात असताना, आणि वसाहत बळकट असतानाच ते द्यावे. फुले कमी असतील तर साखरेचा पाक पाजावा. मेणपत्रा आणि प्लॅस्टिक एकाच वेळी समोर ठेवू नये, कारण माश्या मेणच निवडतात. आमच्या मित्राने तसे केले आणि यंदा माश्या कामाला लागल्या.

शाळेत आम्हांला हेच रोज दिसते. नवी गोष्ट नुसती समोर ठेवून मुले ती घेत नाहीत. तिला ओळखीचा हात लावावा लागतो. डिग्ज यांनी आपल्या शेतकऱ्यांसाठी नेमके तेच केले. त्यांना टोपली सोडायला लावली, ती दटावून नव्हे, तर त्यांच्याच परगण्यातून, समजेल अशा रीतीने शिकवून. आपल्या घरात मराठीची गोडी लावू पाहणाऱ्या आईबापांनीही हे ध्यानात ठेवावे. पाया ओळखीचा असला की पोळे मुले स्वतःच बांधतील.