इंजिनिअर, बॅरिस्टर, महापौर : काका बाप्टिस्टा



राजकारण हे आपले काम नव्हे, असे आपल्या बऱ्याच घरांत मुलांना सांगितले जाते. शिका, नोकरी धरा, चर्चच्या कामात मदत करा. बाकीच्या भानगडीत पडू नका. हा सल्ला देण्याआधी जोसेफ बाप्टिस्टा यांचे जीवन आठवावे.

त्यांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी मुंबईत माझगावच्या माथारपाखाडीत, ईस्ट इंडियन कॅथलिक कुटुंबात झाला. घराणे मूळचे उत्तनचे. आपल्या पुण्यातच त्यांनी इंजिनिअरिंगचे शिक्षण घेतले. पुढे वनखात्यात सरकारी नोकरी लागली. त्या काळी एवढ्यावर माणसाचा जन्म सुखात जात असे. पण ते केंब्रिजला गेले, राज्यशास्त्र शिकले आणि बॅरिस्टर झाले. आयर्लंडची होमरूलची मागणी त्यांच्या मनात तेव्हाच रुजली.

परत आल्यावर ते मुंबई महापालिकेत निवडून गेले. त्याच काळात लोकमान्य टिळकांशी त्यांचा स्नेह जुळला. १९०८ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. अशा माणसाच्या बाजूने उभे राहणे म्हणजे सरकारची नाराजी ओढवून घेणे होते. तरीही बाप्टिस्टा यांनी त्यांना कायदेशीर साहाय्य केले. टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, पण मैत्री तुटली नाही. एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली. तिचे अध्यक्ष झाले बाप्टिस्टा आणि चिटणीस न. चिं. केळकर. दुसऱ्याच वर्षी लीगसाठी ते इंग्लंडला गेले आणि तिथल्या मजूर पक्षाचा पाठिंबा मिळवू लागले.

मायदेशी त्यांनी कामगारांचीही बाजू घेतली. १९२० मध्ये स्थापन झालेल्या आयटकच्या ते आरंभीच्या पुढाऱ्यांपैकी होते. १९२१ च्या झरिया अधिवेशनाचे तेच अध्यक्ष होते. १९२५ साली मुंबई महापालिकेने त्यांना आपले अध्यक्ष निवडले. आज त्या पदाला आपण महापौर म्हणतो. तेव्हा त्यांचे वय ६१ होते. १९३० मध्ये ते निवर्तले. माझगावच्या टेकडीवरील बागेला त्यांचे नाव आहे.

यातला क्रम लक्षात घ्यावा. खटला, लीग आणि कामगारांचे काम आधी; मोठे पद त्यानंतर. आपल्यासारख्या लहान समाजाच्या मतांवर त्या खुर्चीपर्यंत कोणी पोहोचत नाही. इतरांच्या अडचणीला ते धावून गेले, म्हणून इतरांनी त्यांना आपले मानले. लोक त्यांना काका म्हणत, ते यामुळेच. आणि हे सारे करताना त्यांना आपली श्रद्धा बाजूला ठेवावी लागली नाही.

कोथरूडमध्ये आपल्याही घरोघरी इंजिनिअर आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याला उद्या पाण्याच्या, रस्त्याच्या किंवा सफाई कामगारांच्या प्रश्नात पडावेसे वाटले, तर आईवडिलांनी त्याला मागे ओढू नये.

तुमचा धर्मगुरू