शिंपल्यांवर गणित शिकवणाऱ्या ताराबाई मोडक: ‘अंगणवाडी’ हा शब्द आला कुठून?

अंगणवाडी म्हटलं की आपल्याला खिचडी, वजनकाटा आणि पोलिओचा डोस आठवतो. सरकारची एकात्मिक बालविकास योजना १९७५ साली सुरू झाली आणि हा शब्द देशभर पोहोचला. पण तो सरकारी नाही. बोर्डीच्या समुद्रकिनाऱ्यावर तो कितीतरी आधीपासून वापरात होता, आणि त्यामागे होत्या ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईचा. माहेर केळकरांचं, घर प्रार्थना समाजाच्या वळणाचं. १९१४ साली त्या बी.ए. झाल्या. त्या काळात पदवीधर बाई म्हणजे नवलच. पुढे अमरावतीच्या कृष्णराव मोडक या वकिलांशी लग्न झालं, पण तो संसार टिकला नाही. मुलगी पदरात होती. ताराबाईंनी राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्यपदाची नोकरी धरली.

नोकरी चांगली होती. तरी १९२३ मध्ये ती सोडून त्या भावनगरला गेल्या, कारण तिथे दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका लहान मुलांवर वेगळेच प्रयोग करत होते. छडी नाही, घोकंपट्टी नाही. मूल हाताने करतं आणि शिकतं, ही माँटेसरीची पद्धत. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला, त्याच्या ‘शिक्षणपत्रिका’ या मासिकाचं कामही ताराबाईंनी पाहिलं. मुंबईला परतल्यावर १९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केलं. शहरातल्या सुशिक्षित घरांना ते आवडलं. नाव झालं.

अडचण इथेच होती. माँटेसरीची साधनं सुबक असतात, आणि महाग. संख्यादंड दहा, सर्वांत छोटा १० सेंटिमीटरचा आणि सर्वांत मोठा बरोबर एक मीटरचा. गुलाबी मनोऱ्याचे दहा ठोकळे १ ते १० सेंटिमीटरचे. ते अचूक मापात घडवावे लागतात. ज्या घरात दोन वेळची भाकरी नक्की नाही, तिथल्या मुलाच्या हातात हे कधी येणार? म्हणजे बालशिक्षण ही पैसेवाल्यांचीच चैन राहणार का?

१९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई दादर सोडून डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या आणि तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. सोबत अनुताई वाघ आल्या. अनुताई बालविधवा, शिक्षिका, आणि पुढे या कामाचा अर्धा भार उचलणाऱ्या.

गावात बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतली मुलं तिकडे फिरकेनात. कुणाच्या कडेवर धाकटं भावंड, कुणाला अंगावर धड कपडा नाही. मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची! शिक्षिका वस्तीवर जायच्या, मुलांना आंघोळ घालायच्या, केस विंचरायच्या आणि तिथेच खेळ मांडायच्या. ही अंगणवाडी.

साधनं? ती आसपास पडलेलीच होती. शंख-शिंपले, खडे, बिया, पानं, फुलं, काड्या, माती.

यात गणित कुठे आहे, असं वाटेल. शिंपल्यांचा ढीग मुलापुढे ठेवला की ते आधी वेगळे करतं: मोठे इकडे, छोटे तिकडे. हे वर्गीकरण. मग लहानापासून मोठ्यापर्यंत ओळ लावतं, म्हणजे क्रम. प्रत्येक पानावर एक बी ठेवायची आणि बिया उरल्या की पानं उरली ते बघायचं. इथे एकही आकडा बोललेला नाही, पण ‘जास्त’ आणि ‘कमी’ हाताला कळलं. मोजणी त्यानंतर येते. एक ते शंभर तोंडपाठ म्हणणारं मूल अनेकदा समोरचे सात खडे मोजताना चुकतं, कारण तोंड पुढे पळतं आणि बोट मागे राहतं. खडा उचलून ठेवला की दोन्ही बरोबर चालतात.

बोलण्याचंही तसंच. वारली मुलाची घरची बोली वेगळी आणि पुस्तकातली मराठी वेगळी. चित्रातल्या अनोळखी वस्तूचं नाव विचारलं तर मूल गप्प बसतं. हातात रोजचंच पान दिलं की ते झाड कुठे आहे, त्याचं काय करतात, सगळं सांगू लागतं.

खरं तर ताराबाईंनी माँटेसरी सोडली नव्हती. लाकडी ठोकळा बाजूला ठेवून त्यामागचं तत्त्व तेवढं उचललं होतं. आणि हे काम ठोकळ्याहून अवघड, कारण ठोकळा मुलाची चूक आपोआप दाखवतो, खडा दाखवत नाही. सगळी मदार शिक्षिकेच्या नजरेवर.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांजवळ गेलं. तिथली मुलं दिवसभर गुरं राखायची, म्हणून कुरणशाळा निघाली: गुरं चरतात तिथेच शिक्षकाने जायचं. धाकट्या भावंडांमुळे शाळा बुडू नये म्हणून ‘विकासवाडी’त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ ला त्या गेल्या. अंगणवाडीची सरकारी योजना त्यानंतर दोन वर्षांनी आली. कोसबाडचं काम अनुताईंनी पुढे नेलं, १९९२ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत.