सॉक्रेटिसाचे चरित्र लिहिणारे शास्त्रीबुवा



सॉक्रेटिस, प्लेटो, ॲरिस्टॉटल ही नावे आम्ही सेमिनरीत इंग्रजी पुस्तकांतून शिकलो. पण सॉक्रेटिसाचे चरित्र मराठीत १८५२ सालीच लिहिले गेले होते. आपला परभणीचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. लेखक होते पुण्याचे कृष्णशास्त्री चिपळूणकर. निबंधमाला काढणारे विष्णुशास्त्री त्यांचे चिरंजीव. मुलाचे नाव आज अधिक घेतले जाते, वडील थोडे मागे पडले.

कृष्णशास्त्रींचा जन्म १८२४ चा. विश्रामबागवाड्यातील संस्कृत पाठशाळेत न्याय, अलंकार, धर्मशास्त्र शिकून त्यांनी विद्वान म्हणून नाव मिळविले. तेवढ्यावर जन्म सुखाने गेला असता. पण पंचविशीच्या सुमारास ते इंग्रजी शिकू लागले. शास्त्री म्हणून मान मिळत असताना परक्यांची मुळाक्षरे गिरवायला बसणे, याला मन मोठे लागते.

आता आपल्याला जरा अवघड वाटेल अशी गोष्ट. त्याच १८५२ साली त्यांनी 'विचारलहरी' हे पाक्षिक चालविले, आणि त्याचा एक हेतू मिशनऱ्यांच्या टीकेला उत्तर देणे हा होता. म्हणजे ज्या वर्षी त्यांनी ख्रिस्ती प्रचाराविरुद्ध लेखणी उचलली, त्याच वर्षी त्यांनी पश्चिमेकडच्या एका ज्ञानी पुरुषाची ओळख मराठी माणसाला करून दिली. मला यात विसंगती दिसत नाही. वाद एका बाजूला आणि चांगले ते घेणे दुसऱ्या बाजूला, हे त्यांना जमले. आपल्यातल्या कितीजणांना जमते, देव जाणे!

सॉक्रेटिस हा अथेन्सचा, पाथरवटाचा मुलगा. त्याने स्वतः एक ओळही लिहिली नाही. बाजारात, चौकात लोकांना गाठून तो विचारी, न्याय म्हणजे काय, धैर्य म्हणजे काय? मोठमोठ्यांची उत्तरे लटकी पडत. शहराचे देव मानत नाही आणि तरुणांना बिघडवतो, असे आरोप ठेवून ख्रिस्तपूर्व ३९९ मध्ये त्याला विषाचा पेला दिला गेला. पळून जायची सोय मित्रांनी केली होती, पण कायदा मोडून जगणे त्याला पटले नाही.

ख्रिस्तसभेला हा माणूस कधी परका वाटला नाही. दुसऱ्या शतकात रोममध्ये तत्त्वज्ञान शिकविणाऱ्या आणि पुढे रक्तसाक्षी झालेल्या संत जस्टिनने त्याला शब्दाला, म्हणजे लोगोसला, धरून जगलेल्यांत मोजले. असे लोक ख्रिस्तापूर्वी होऊन गेले तरी ख्रिस्ताचेच, असे त्याचे मत होते. १९९८ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी श्रद्धा आणि विवेक यांवर पूर्ण परिपत्रक लिहिले. तेव्हा धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलाने अडचणीचा प्रश्न विचारला तर आईवडिलांनी डोळे वटारू नयेत. उलट, मोबाईलवर आलेला मजकूर खरा कशावरून, असे विचारणारा एक तरी मुलगा घरात असावा.

कृष्णशास्त्री पुढे शिक्षक तयार करणाऱ्या पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुख झाले. शिक्षकांसाठीचे 'शालापत्रक' त्यांनी चालविले, अर्थशास्त्रावर लिहिले, कालिदासाचे मेघदूत मराठी पद्यात आणले आणि अरबी भाषेतील सुरस गोष्टी घराघरांत पोहोचविल्या. इतक्या तऱ्हेचे काम करणाऱ्या माणसाचा स्वभाव एकाच खुंटीला बांधलेला नसणार.

१८७८ साली, चौपन्न वर्षांच्या आतबाहेर, ते वारले. डॉ. जॉन्सन यांच्या 'रासेलस' या कथेचे भाषांतर त्यांनी हाती घेतले होते. सुखाने जगण्याची खरी रीत कोणती, हे विचारत देशोदेशी फिरणाऱ्या राजपुत्राची ती गोष्ट. वडिलांच्या हातून अपुरे राहिलेले ते काम विष्णुशास्त्रींनी पुरे केले.