सिमला ऑफिसचे वॉकरसाहेब

पुण्यात शिवाजीनगरच्या वेधशाळेला जुनी माणसं अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. पुण्यात सिमला कुठून आलं, हे मला बँकेतून निवृत्त झाल्यावर कळलं. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून इथं आलं. या खात्याचे १९०४ ते १९२४ प्रमुख होते गिल्बर्ट वॉकर.

वॉकर यांचा जन्म १८६८ चा, इंग्लंडमधल्या रॉचडेलचा. केंब्रिजला गणितात पहिले आले. बूमरँग फेकलं की परत का येतं, याचं गणित मांडणारा हा माणूस. हवामानशास्त्राशी संबंध नव्हता. १८९९ च्या भीषण दुष्काळाच्या आठवणी ताज्या होत्या आणि सरकारला मान्सूनचा अंदाज आधी हवा होता.

१९८७ च्या दुष्काळात मी खेड्यातल्या एका शाखेत पीककर्जं पाहत होतो. जुलै कोरडा चाललेला. पाऊस येईल का, असं शेतकरी काउंटरशी येऊन मलाच विचारत. जणू उत्तर माझ्या खतावणीत होतं!

वॉकरसाहेबांनी ते खरोखरच आकड्यांत शोधलं. जगभरच्या वेधशाळांच्या नोंदी जमवल्या, भारतीय कारकुनांकडून हजारो बेरजा-गुणाकार करून घेतले. कारकुनांची पारख त्यांना होतीच. १९१३ साली मद्रास पोर्ट ट्रस्टमधल्या रामानुजन नावाच्या कारकुनाचं गणित पाहून त्यांनी विद्यापीठाकडे शिफारस केली आणि रामानुजनना शिष्यवृत्ती मिळाली.

आकड्यांतून निघाला एक सीसॉ. पॅसिफिकवर हवेचा दाब वाढला की हिंदी महासागराकडे तो उतरतो, आणि उलट. याला त्यांनी दक्षिणी आंदोलन म्हटलं. कारण मात्र सापडलं नाही आणि मान्सूनचा खात्रीचा अंदाजही हाती आला नाही. १९५८ साली ते वारले.

कारण १९६९ मध्ये बर्कनीस यांनी उलगडलं. पश्चिम पॅसिफिकच्या उबदार पाण्यावर हवा वर चढते, उंचावरून पूर्वेला जाते, दक्षिण अमेरिकेलगत खाली उतरते आणि समुद्रावरून परत येते. हे चक्र मंदावलं की एल निनो. बर्कनीसनी चक्राला वॉकर यांचं नाव दिलं.

पण चक्रही स्थिर नाही. १९९७ मध्ये एल निनो प्रचंड होता, तरी आपल्याकडे पाऊस सरासरीइतका झाला. एल निनो आणि मान्सूनचं नातं सैल झाल्याचं पुण्याच्याच शास्त्रज्ञांनी १९९९ साली दाखवलं. पृथ्वी तापल्यावर चक्र मंदावेल, असं बहुतेक संगणकी प्रारूपं सांगत होती. १९८० नंतरची तीसेक वर्षं ते उलट जोरात फिरलं.

म्हणजे हिशेब अजून जुळलेला नाही. सिमला ऑफिसवरून जाताना मला काउंटरशी उभे असलेले ते शेतकरी आठवतात. त्यांचा प्रश्न पुढं सरकवायची योग्य खिडकी इथं होती, एवढं तरी तेव्हा मला ठाऊक हवं होतं.