उजवीकडची खुर्ची

धाराशिव जिल्हा मोगलाईत होता तेव्हा इथल्या माणसाची राजधानी मुंबई नव्हे, हैदराबाद. कोर्टकचेरी असो की मोठे शिक्षण, नळदुर्ग-उमरग्याच्या वाटेने तिकडेच जायचे. ज्या मीर उस्मान अली खान यांचे नाव जिल्ह्याला २०२३ पर्यंत होते, त्या निजामांच्याच सरकारने टाटांसमवेत १९४५ मध्ये 'डेक्कन एअरवेज' ही विमान कंपनी काढली. भारतातल्या पहिल्या व्यावसायिक महिला वैमानिकाला नोकरी दिली ती या कंपनीने. प्रेम माथूर त्यांचे नाव.

माथूर मूळच्या अलीगढच्या, वाढल्या अलाहाबादेत. तिथल्या फ्लाइंग क्लबात त्या विमान चालवायला शिकल्या. तसे पाहिले तर सरला ठकराल यांनी १९३६ मध्येच साडी नेसून 'जिप्सी मॉथ' आकाशात नेले होते. पण एकटीने विमान उडवणे वेगळे आणि पगार घेऊन प्रवासी नेणे वेगळे! माथूर यांना १९४७ मध्ये व्यावसायिक परवाना मिळाला आणि खरी अडचण तिथून सुरू झाली. एकामागून एक आठ कंपन्यांनी नकार कळवला. बाई विमान चालवते म्हटल्यावर प्रवासी घाबरतील, ही त्यामागची भीती. जणू प्रवासी तिकीट काढताना वैमानिकाचा फोटो मागत होते!

अखेर हैदराबादने दार उघडले, पण अर्धेच. विमानात कप्तान डावीकडे बसतो, सहवैमानिक उजवीकडे. माथूर यांना उजवीकडची खुर्ची मिळाली. कंपनीच्या डकोटा विमानांतून त्यांनी प्रवासी नेले. त्यांत लेडी माउंटबॅटन आणि इंदिरा गांधी यांच्यासारखी मंडळीही होती. १९४९ मध्ये तर राष्ट्रीय हवाई शर्यत त्यांनी जिंकली. एवढे झाल्यावर कोणाला शंका उरावी? तरीही विमानाची सूत्रे स्वतंत्रपणे हाती देण्यास कंपनी तयार झाली नाही. पहिली संधी दिल्याबद्दल डेक्कनचे कौतुक करावे, ते या नकारासकट.

माथूर यांनी मग दिल्ली गाठली आणि उद्योगपती घनश्यामदास बिर्ला यांच्या खासगी विमानाच्या वैमानिक झाल्या. डेक्कन १९५३ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली.

१९९२ मध्ये माथूर गेल्या. दोनच वर्षांनी, डिसेंबर १९९४ मध्ये, 'नासा'ने कर्नालच्या कल्पना चावला यांची अंतराळवीर म्हणून निवड केली. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना त्यांच्याकडेही होता.