पोताचा पारखी : द. ग. गोडसे

चित्रकलेवर मराठीत लिहायचे म्हटले की पहिली अडचण शब्दांची येते. इंग्रजी पुस्तकांतले शब्द जिभेवर बसत नाहीत आणि संस्कृतातून घडवलेले प्रतिशब्द कोशाबाहेर पडत नाहीत. ही अडचण ज्यांनी स्वतःपुरती सोडवली आणि इतरांनाही वाट करून दिली, ते कलासमीक्षक म्हणजे दत्तात्रय गणेश गोडसे.

त्यांचा जन्म ३ जुलै १९१४ रोजी जळगाव जिल्ह्यातील वाढोदे या गावी झाला. सावनेर, नागपूर व मुंबई येथे शिक्षण झाल्यावर ते लंडनला गेले आणि १९३५ ते १९३७ या काळात तेथील स्लेड कलाशाळेत शिकले. पुढे पुस्तकांची मुखपृष्ठे, रेखाचित्रे, नाटकांचे नेपथ्य आणि वेशभूषा हे त्यांचे कार्यक्षेत्र बनले. शंभराहून अधिक नाटकांचे नेपथ्य त्यांनी केले. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत काही काळ त्यांनी कलेचा इतिहास व सौंदर्यशास्त्रही शिकवले. कलेविषयी बोलणाऱ्याच्या बोटांना आधी रंग लागलेला असावा, असे मला वाटते. गोडसे यांच्या बोटांना तो चांगलाच लागला होता.

१९६३ साली त्यांचा 'पोत' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. शब्द तर रोजचाच! लुगडे घेताना आपल्या आया-मावश्या पदर चिमटीत धरून पोत पाहतात. विणकराचा आणि बाजारातल्या गिऱ्हाइकाचा हा शब्द गोडसे यांनी उचलला आणि कलाविचाराच्या मध्यभागी आणून ठेवला. जसा वस्त्राला पोत असतो तसा कलाकृतीला असतो, आणि त्यात त्या त्या काळाच्या जगण्याचे धागे विणलेले असतात, ही त्यांची दृष्टी. परक्या भाषेतून उसना न आणलेला विचार सामान्य माणसालाही किती जवळचा वाटतो, याचे हे उदाहरण होय.

मराठ्यांजवळ तलवार होती, कला नव्हती, हा समज आपल्याकडे फार जुना आहे. अजिंठा-वेरूळ सांगून झाले की आपण गप्प बसतो. आपल्या जवळच्या घोडबंदरच्या किल्ल्यावर आपण सहलीला जातो, डबे उघडतो आणि परत येतो. बांधकामाकडे कलेच्या नजरेने कोण पाहतो? 'शक्तिसौष्ठव' (१९७२) या ग्रंथात गोडसे यांनी शिवकालाकडे नेमक्या त्याच नजरेने पाहिले. सौंदर्य म्हणजे केवळ नाजूकपणा नव्हे, बळालाही आपले सौष्ठव असते, हे त्या नावातच आले आहे. त्यानंतर 'गतिमानी' (१९७६), 'लोकधाटी', 'समंदे तलाश', 'ऊर्जायन' असे ग्रंथ येत गेले. नावे पाहूनच हा माणूस शब्द किती पारखून घेत असे ते कळते. त्यांचे लेखन सोपे मात्र नाही. एकेक पान दोनदा वाचावे लागते.

१९८९ साली, वयाच्या पंचाहत्तरीत, त्यांची दोन पुस्तके आली. एक 'मस्तानी', दंतकथांच्या धुरळ्यात हरवलेल्या त्या स्त्रीचा शोध घेणारे. दुसरे 'नांगी असलेले फुलपाखरू', चित्रकार व्हिसलर याच्यावरचे. हा व्हिसलर आपल्या चित्रांवर नांगीवाल्या फुलपाखराची सही करी. रस्किनसारख्या बलाढ्य समीक्षकावर त्याने १८७८ साली खटला लढवला, जिंकला, आणि भरपाई मिळाली एक फार्दिंग! समीक्षकाला कोर्टात खेचणाऱ्या चित्रकारावर एका समीक्षकानेच आपुलकीने पुस्तक लिहावे, यातली गंमत गोडसे यांना नक्कीच ठाऊक असणार.

५ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. 'दफ्तनी' हे त्यांचे पुस्तक त्याच वर्षीचे.