फादर मेंडेल यांचे वाटाणे

ग्रेगोर मेंडेल १८२२ साली आजच्या चेक प्रजासत्ताकात एका शेतकऱ्याच्या घरी जन्मले. ब्रनोच्या ऑगस्टिनियन मठात ते १८४७ मध्ये धर्मगुरू झाले. शिक्षकाच्या परीक्षेत मात्र दोनदा नापास!

१८५६ ते १८६३ या काळात त्यांनी मठाच्या बागेत वाटाण्याची सुमारे २८ हजार रोपे तपासली. पिवळ्या व हिरव्या दाण्यांच्या जातींचा संकर केला की पहिल्या पिढीत सारे दाणे पिवळेच; पुढच्या पिढीत तीन पिवळ्यांमागे एक हिरवा पुन्हा दिसे. हिरवा गुण नष्ट झाला नव्हता, लपला होता.

१८६६ साली निबंध छापून आला. मेंडेल यांनी ४० प्रती घेतल्या, काही नामवंतांना धाडल्या. म्युनिकच्या नेगेलींनी पत्रोत्तर दिले, पण मर्म त्यांना उमगले नाही. संकरावर फादरांनी यानंतर एकच निबंध छापला. १८६८ पासून मठाधिपतीपद, मग सरकारशी कराचा वाद. ६ जानेवारी १८८४ रोजी, तीन राजांच्या सणादिवशी, ते निवर्तले.

१९०० साली तीन शास्त्रज्ञ स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षावर आले, तेव्हा जुना निबंध उघडला गेला. आपल्या आदिवासी पाड्यांवर आढळणारा सिकलसेल याच नियमाने उतरतो: आईवडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक बाळाला आजाराची शक्यता चारांत एक.